जुन्या अवजारांना ‘क्विक हिच’ कशी बसवावी?

(शेतकी विभाग : यंत्र-अवजार पाठ)



गेल्या गळीत हंगामात गटातील गावांतून फिरताना एक प्रश्न ठिकठिकाणी कानावर आला. “साहेब, ती झटकन जोडायची चौकट निघाली आहे म्हणतात. ती आमच्या जुन्या नांगराला बसते का हो?” कोणी ती मोबाईलवर पाहिलेली, कोणी पाहुण्यांच्या वावरात. प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका शब्दात देता येत नाही. बसते की नाही हे अवजाराच्या वयावर किंवा कंपनीच्या नावावर ठरत नाही, ते मापावर ठरते. आणि माप घ्यायला फक्त टेप लागतो. म्हणून या पाठात कोणती मापे घ्यावीत, मिस्त्रीकडून कोणते काम करून घ्यावे आणि कोणत्या अवजाराला हात लावू नये, ते क्रमाने पाहू.

आधी एक गोष्ट

काही वर्षांपूर्वीची, जानेवारी महिन्यातली ही गोष्ट. उमरेडकडच्या एका वावरात सुरू उसाच्या लागवडीची तयारी चालली होती. रोटाव्हेटर फिरवून झाला होता आणि सऱ्या पाडायला रेजर जोडायचा होता. ट्रॅक्टरवर घरचाच तरणाबांड पोरगा. रेजर आणि मागचे चाक यांच्या मधल्या बोळात उभा सालदार. “आणखी मागे... आणखी... जरा डावीकडे...” असे चालले होते. एका बाजूची पिन बसली, दुसरी बोटभर अंतरावर राहिली. सालदाराने खालचा हात हाताने ओढून भोक पिनेवर आणले, आणि त्याच क्षणी पोराचा पाय क्लचवरून सरकला. ट्रॅक्टर वीतभरच मागे गेला असेल. पण सालदाराच्या डाव्या हाताचे एक बोट पेरापासून गेले.

दोष कोणाला द्यावा? पोरगा काही निष्काळजी नव्हता आणि सालदारही नवखा नव्हता. माणूस ज्या जागी उभा होता ती जागाच चुकीची होती. आपण मात्र रोज त्याच जागी माणूस उभा करतो आणि त्याला ‘अवजार जोडणे’ म्हणतो.

क्विक हिचचा खरा फायदा इथे आहे. वेळ वाचतो हे खरेच, आणि आपल्या काळ्या जमिनीत वाफसा दोन-तीन दिवसच टिकतो तेव्हा त्या वेळेला मोलही असते. पण वेळेपेक्षा मोठी गोष्ट ही की, जोडताना ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मध्ये माणूस उभा करावा लागत नाही.

तीन बिंदूंची जोडणी म्हणजे काय?

ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन हात आणि वर मध्यभागी एक टॉप लिंक असते. या तीन टोकांना अवजाराच्या तीन पिना अडकतात. ही पद्धत आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केली. १९३६ साली निघालेल्या फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टरवर ती आली आणि १९३९ पासून फोर्डच्या ट्रॅक्टरवरही बसू लागली. त्याआधी अवजार ट्रॅक्टरच्या मागे नुसते ओढले जाई. नांगर दगडात किंवा बुंध्यात अडकला की ट्रॅक्टरचे तोंड वर उठे, आणि चालक त्याखाली सापडे. तीन बिंदूंच्या जोडणीने तो धोका पुष्कळ कमी केला.

पुढे या जोडणीची मापे ठरवण्यात आली. आपल्याकडे भारतीय मानक ४४६८ यासाठीच आहे. त्यामुळे ट्रॅक्टर लाल असो की निळा, जोडणीचे माप ठरलेल्या वर्गातलेच असते. नागपूरकरांना हिंगणा एमआयडीसीतला महिंद्रचा ट्रॅक्टर कारखाना माहीत आहेच. या कंपनीच्या ट्रॅक्टरची सुरुवात १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया या नावाने झाली, आणि १९७७ साली ती महिंद्र अँड महिंद्रमध्ये विलीन झाली. तेव्हाच्या ट्रॅक्टरमागे चाललेला कल्टिव्हेटर आज नव्या ट्रॅक्टरमागेही चालतो, तो या ठरलेल्या मापामुळे.

मग अडचण कुठे आहे? गावच्या मिस्त्रीने बनवलेली, दोनदा दुरुस्त झालेली, पिना बदललेली अवजारे मापात असतीलच असे नाही. आजवर ते खपून गेले. कारण खालचे दोन्ही हात थोडे हलतात आणि टॉप लिंक आखूड-लांब होते. अवजारातला इंच-दोन इंचांचा फरक आपण टॉप लिंक फिरवून झाकत आलो. क्विक हिचची चौकट मात्र ताठ असते. तिचे तीन आकडे एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर पक्के असतात. तिथे झाकपाक चालत नाही.

चौकटीचे प्रकार

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ११००१ मध्ये असल्या जोडण्यांचे वेगवेगळे प्रकार दिले आहेत. आपल्या कामाचे तीन आहेत.

१) उलट्या ‘यू’ आकाराची चौकट. ही ट्रॅक्टरला कायम बसवलेली राहते. वर एक आकडा आणि खाली दोन जबडे, त्यांना खटके असतात. अवजाराच्या पिना तशाच राहतात, फक्त त्यांवर बुश चढवावे लागतात. खालची बाजू मोकळी असल्याने पीटीओ शाफ्टला वाट मिळते.

२) त्रिकोणी ‘ए’ चौकट. एक त्रिकोण ट्रॅक्टरला, आणि त्यात बसणारा दुसरा त्रिकोण प्रत्येक अवजाराला वेल्ड करावा लागतो. जोडणी सोपी असते, पण प्रत्येक अवजारावर खर्च येतो.

३) आकडेवाले हात. यात चौकट नसते. ट्रॅक्टरच्या खालच्या हातांच्या टोकाला उघडे आकडे असतात आणि अवजाराच्या पिनांवर गोळे चढवलेले असतात. ट्रॅक्टरचे हातच बदलावे लागतात.

जुनी अवजारे मोडीत न काढता वापरायची असतील तर पहिला प्रकार बहुतेकांना सोयीचा पडेल. या पाठात पुढे त्याचाच विचार केला आहे. चौकट निवडताना वरचा आकडा वर-खाली सरकवता येतो अशी मिळाली तर तीच घ्यावी. निम्मे काम तिथेच हलके होते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. चौकट तयार घ्यावी आणि अवजारातला बदल गावात करावा. खटक्याचे लोखंड, त्याची झीज आणि त्याची स्प्रिंग यांवर माणसाचा जीव टांगलेला असतो. ते अंदाजाने बनवायचे काम नव्हे.

पाच मापे : टेप, वही आणि पेन्सिल घेऊन बसा

अवजार सपाट जागी, पक्क्या टेकूवर उभे करा. पिना घासून गंज काढा. गंजलेल्या पिनेचे माप खोटे निघते.

*माप पहिले : पिनांची जाडी.* ट्रॅक्टरच्या जोडणीत वर्ग १ आणि वर्ग २ हे आपल्या उपयोगाचे. वर्ग १ मध्ये खालची पिन ७ सूत (२२ मिमी) आणि वरची ६ सूत (१९ मिमी). वर्ग २ मध्ये खालची ९ सूत (सुमारे २८ मिमी) आणि वरची १ इंच (सुमारे २५ मिमी). जुन्या अवजारात एका बाजूला ७ सूत आणि दुसऱ्या बाजूला ९ सूत पिन सापडली तर आश्चर्य मानू नका. असे जोड-अवजार मी स्वतः पाहिले आहे.

*माप दुसरे : खालच्या पिनांमधले अंतर.* पिनेचा जो खांदा असतो, जिथे ट्रॅक्टरच्या हाताचा गोळा येऊन टेकतो, त्या खांद्यापासून समोरच्या खांद्यापर्यंत मोजा. वर्ग १ ला ६८३ मिमी, म्हणजे २६ इंच ७ सूत. वर्ग २ ला ८२५ मिमी, म्हणजे साडेबत्तीस इंच. पिना एकाच सरळ रेषेत आहेत का, तेही पाहा. त्यांच्यावर सरळ सळई धरली की वाकलेली पिन लगेच ओळखू येते.

*माप तिसरे : कमानीची उंची.* अवजाराच्या डोक्यावर जी उभी कमान असते, मिस्त्री तिला मास्ट म्हणतात, तिच्यात वरची पिन बसते. खालच्या दोन्ही पिनांच्या रेषेचा मध्य धरा आणि तिथून वरच्या पिनेच्या मध्यापर्यंत सरळ अंतर मोजा. मानकाप्रमाणे हे वर्ग १ मध्ये ४६० मिमी (सुमारे १८ इंच) आणि वर्ग २ मध्ये ६१० मिमी (२४ इंच) असते. पण अमेरिकी धर्तीच्या क्विक हिचचा वरचा आकडा खालच्या जबड्यांपासून १५ इंचांवर, म्हणजे ३८१ मिमीवर असतो. बहुतेक जुनी अवजारे इथेच अडतात.

*माप चौथे : कमानीतली फट.* वरचा आकडा कमानीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये शिरला पाहिजे. आकड्याची जाडी मोजा, पट्ट्यांमधली मोकळी जागा मोजा. आकडा सहज शिरावा, पण हातभर खेळू नये. खालच्या पिना जर दोन पट्ट्यांच्या मध्ये बसवलेल्या असतील, तर चौकटीचा जबडा तिथे शिरतो का हेही बघावे लागेल.

*माप पाचवे : आगेमागेपणा.* वरची पिन खालच्या पिनांच्या बरोबर वर आहे, की पुढे किंवा मागे सरकलेली आहे? वरच्या पिनेवरून ओळंबा सोडा म्हणजे कळेल. थोडा फरक असेल तर टॉप लिंकने चौकट तिरकी करून सावरता येतो. फरक जास्त असेल तर आकड्यांची तोंडे इतकी तिरकी पडतात की पिन नीट बसत नाही आणि खटका पूर्ण पडत नाही.

हीच पाच मापे चौकटीचीही घ्या. दोन्ही रकाने शेजारी-शेजारी लिहा. काय काम करायचे आहे ते वहीच सांगेल. आपल्या ट्रॅक्टरची मापे हवी असतील तर मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेच्या चाचणी अहवालात तीन-बिंदू जोडणीची मापे दिलेली असतात. ही संस्था १९५५ पासून काम करते आहे.

उदाहरण : जुना नऊ फणी कल्टिव्हेटर

समजा, आपला कल्टिव्हेटर वर्ग १ चा आहे. खालच्या पिना ७ सूत, अंतर २६ इंच ७ सूत, दोन्ही बरोबर. कमानीची उंची मात्र १८ इंच. चौकटीचा वरचा आकडा १५ इंचांवर पक्का. मग काय करावे?

पहिले काम बुशांचे. अमेरिकी धर्तीच्या क्विक हिचचे खालचे जबडे १ इंच साडेतीन सूत (सुमारे ३६.५ मिमी) जाडीसाठी आणि वरचा आकडा सव्वा इंचासाठी घडवलेला असतो. त्यात ७ सुताची पिन नुसती टाकली तर ती खडखडते, काही दिवसांत जबडा आणि पिन दोन्ही खाते, आणि एखाद्या धक्क्याला खटक्यातून निसटते. म्हणून खालच्या पिनेवर आतून ७ सूत, बाहेरून १ इंच साडेतीन सूत असा पोलादी बुश चढवावा. वरच्या पिनेला आतून ६ सूत, बाहेरून सव्वा इंच. बुश बाहेर येऊ नये म्हणून त्याच्या पुढे वॉशर आणि लिंच पिन घालावी. घाईच्या दिवसांत तारेचा तुकडा अडकवून काम भागवू नये.

दुसरे काम कमानीचे. १८ मधून १५ गेले, राहिले ३ इंच. वरच्या जुन्या भोकाच्या खाली तीन इंचांवर नवे भोक हवे. कमानीच्या पट्ट्या तिथे रुंद आणि सरळ असतील तर त्यातच भोक पाडता येईल. पण बहुतेक कमानी खाली फाकत जातात. अशा वेळी दोन्ही बाजूंना आतून १० ते १२ मिमी जाडीच्या पट्ट्या लावाव्यात, त्यांत समोरासमोर भोके असावीत. पिन दोन्ही बाजूंनी धरलेली पाहिजे. एका बाजूने लोंबकळणारी पिन वरच्या जागी कधीच ठेवू नये.

पट्टी जाड का हवी? वरचा बिंदू जितका खाली येतो तितकी त्याच्यावरची ताण-दाब वाढते. १८ इंचांवर जो जोर १०० किलो येत होता, तो १५ इंचांवर १२० किलो येणार, कारण १८ ला १५ ने भागले की १.२ येतात. पाचव्या हिश्शाने जोर वाढला, तर लोखंडही तसे लागणार.

जुने भोक बुजवू नका. ते तसेच राहू द्या. उद्या शेजाऱ्याने साध्या ट्रॅक्टरसाठी कल्टिव्हेटर मागितला तर तो पूर्वीसारखाच जोडता आला पाहिजे.

मिस्त्रीकडे गेल्यावर

१) भोक ड्रिलने पाडून घ्यावे. गॅस कटरने पाडलेले भोक गोल राहत नाही, पिन त्यात नाचते.

२) वेल्डिंगआधी पट्ट्या नुसत्या टाक्यांनी धराव्यात, चौकट प्रत्यक्ष बसवून पाहावी, मगच पूर्ण वेल्ड मारावा. चौकट हाच सर्वांत खरा साचा.

३) पिनेवर वेल्डिंग करू नये. पिनेचे पोलाद कडक केलेले असते. तापले की ते मऊ तरी पडते नाहीतर ठिसूळ होते. पिन झिजली तर बदलावी.

४) बिडाच्या भागाला साधे वेल्डिंग धरत नाही. रंग, गंज, ग्रीस घासून काढल्याशिवाय कुठेच वेल्ड मारू देऊ नये.

५) रोटाव्हेटरचे काम असेल तर वेल्डिंगची अर्थ-वायर कामाच्या अगदी जवळ लावावी. ती दुसऱ्या टोकाला लावली तर वीज बेअरिंगमधून जाते आणि बेअरिंग खराब होते. अवजार ट्रॅक्टरला जोडलेले असताना वेल्डिंग करूच नये.

पीटीओ शाफ्ट : इथे चूक महागात पडते

चौकट मध्ये आली की अवजार सुमारे चार इंच मागे सरकते. कल्टिव्हेटरला, नांगराला त्याने फारसे बिघडत नाही. पण रोटाव्हेटर, पाचट कुट्टी यंत्र, फवारणी पंप यांचा शाफ्ट तेवढाच आखूड पडतो.

शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत सरकतात. अवजार खाली टेकलेले, मध्ये आणि पूर्ण उचललेले, अशा तिन्ही स्थितींत इंजिन बंद करून मोजा. सर्वांत लांब स्थितीतही नळ्यांचा निदान एक-तृतीयांश भाग एकमेकींत राहिला पाहिजे. सर्वांत आखूड स्थितीत इंच-दीड इंच जागा मोकळी उरली पाहिजे. लांब स्थितीत कमी पडला तर शाफ्ट चालू कामात सुटून फिरतो, आणि मग तो काय झोडपेल याचा नेम नाही. आखूड स्थितीत जागा उरली नाही तर गिअर पेटीवर दाब येतो.

शाफ्ट आखूड पडल्यास लांब नळीची जोडी विकत घ्यावी. मधे तुकडा वेल्ड करून वाढवलेला शाफ्ट वापरू नये. आणि शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण ‘अडचण होते’ म्हणून काढून ठेवायची जी सवय आहे ती सोडावी. धोतर, लुंगी, साडीचा पदर, दुपट्टा, काहीही त्यात गुंडाळायला क्षणभरही लागत नाही.

इथे एक भ्रम दूर करतो. क्विक हिच बसवली तरी पीटीओ शाफ्ट हातानेच जोडावा लागतो. त्यासाठी माणसाला मधे जावेच लागते. म्हणून शाफ्ट जोडताना इंजिन बंद, किल्ली जोडणाऱ्याच्या खिशात, हा नियम घरात सर्वांना पाठ करून द्यावा.

पुढचे चाक हलके होते, त्याचा हिशेब

समजा, अवजार ४०० किलोचे आहे आणि त्याचा भार मागच्या आसापासून १५० सेंटिमीटर मागे पडतो. ४०० गुणिले १५० म्हणजे ६०,०००. पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर १९० सेंमी धरा. ६०,००० भागिले १९०, आले ३१६. म्हणजे अवजार उचलले की पुढच्या चाकांवरचा ३१६ किलो भार कमी होतो.

आता चौकट बसवली. अवजार १० सेंमी मागे गेले : ४०० गुणिले १६०, म्हणजे ६४,०००. चौकटीचे स्वतःचे वजन ४५ किलो, आसापासून ९५ सेंमीवर : ४,२७५. एकूण ६८,२७५. भागिले १९०, आले ३५९. पुढची चाके आणखी ४३-४४ किलोंनी हलकी झाली.

पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहावा, असा सर्वसाधारण नियम आहे. तेवढा राहत नसेल तर पुढे वजने लावावीत. नाहीतर धुऱ्यावर वळताना, चढावर, कालव्याच्या कडेला स्टिअरिंग फिरते पण ट्रॅक्टर वळत नाही.

अवजाराला पाय द्या

या कामात हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे अवजाराचा टेकू. चालकाने ट्रॅक्टर मागे घ्यायचा, जबडे पिनांखाली आणायचे आणि हायड्रॉलिकने उचलायचे, एवढ्यावर ही सगळी सोय उभी आहे. पण अवजार एका कुशीवर पडलेले असेल तर चौकट काय करणार? पुन्हा सालदार मधे, पुन्हा पहार, पुन्हा “जरा डावीकडे”.

म्हणून प्रत्येक अवजाराला पाईपचे पाय करून घ्यावेत, पिनेने उंच-ठेंगू होणारे. पलटी नांगराला तर ते हवेतच. अवजार उभे असताना दोन्ही खालच्या पिना जमिनीपासून सारख्या उंचीवर असाव्यात. गोठ्याजवळ किंवा खळ्यावर एक सपाट, मुरूम टाकलेली जागा ठरवावी आणि सगळी अवजारे एका ओळीत, तोंडे एकाच दिशेला करून ठेवावीत. या कामाला खर्च थोडा, पण त्याशिवाय चौकटीचा खर्च वाया.

पहिल्यांदा जोडताना

१) मागे कोणी उभे नाही हे पाहून ट्रॅक्टर सरळ रेषेत हळू मागे घ्यावा.

२) आधी वरचा आकडा वरच्या पिनेखाली आणावा, मग उचलावे. खालच्या पिना आपोआप जबड्यांत येतात.

३) ब्रेक लावून, उतरून, दोन्ही खटके पूर्ण पडले आहेत का हे डोळ्यांनी पाहावे. ‘खट्’ आवाज आला म्हणजे झाले, असे नव्हे.

४) अवजार फूटभर उचलून तिथेच दोन-तीन वेळा हळू वर-खाली करावे. चेक चेन किती सैल आहे ते बघावे. चौकट चाकाला घासता कामा नये.

५) पहिल्या दिवशी दर तासाला थांबून वेल्ड, पिना आणि लिंच पिना तपासाव्यात.

६) उचललेल्या अवजाराखाली हात किंवा पाय घालू नये. खाली लाकडाचा ठोकळा असल्याशिवाय दुरुस्ती करू नये.

कोणत्या अवजाराला हात लावू नये?

ज्याची कमान वाकली आहे, दांडी तडकली आहे किंवा जुन्या वेल्डवर वेल्ड चढले आहेत, त्याच्यावर नवा खर्च करू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. उसाची ट्रॉली या चौकटीला अडकवून कधीही ओढू नये. ट्रॉलीची जागा खाली, ड्रॉबारवर. ओढ मागच्या आसाच्या वर लागली की ट्रॅक्टर पुढून उभा राहतो. हॅरी फर्ग्युसन यांच्या काळातला तोच धोका आपण हाताने परत आणल्यासारखे होईल. हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या घेऊन येणाऱ्या प्रत्येक चालकाला हे घरी बसवून सांगा.

ज्यांच्याकडे एकच अवजार आहे आणि ते महिना-महिना ट्रॅक्टरमागेच असते, त्यांना ही चौकट घ्यायची गरज नाही. ज्यांच्याकडे चार-पाच अवजारे आहेत, नांगर, रोटाव्हेटर, रेजर, खोडव्याची मशागत, बांधणी असा फेरा आहे आणि दिवसाला दोनदा अवजार बदलते, त्यांनी जरूर विचार करावा.

एक विनंती

ही चौकट एकट्याने घेतली तर एका घराची सोय होते. गावातल्या चार-सहा कास्तकारांनी बसून एकच वर्ग आणि एकच उंची ठरवली, तर एकाचा रेजर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला पाच मिनिटांत लागेल. अवजार मागायला जाताना “तुमची पिन किती सुताची?” हे विचारावे लागणार नाही. आपण ऊस एकत्र येऊन गाळतो, तर मापही एकत्र बसून ठरवायला काय हरकत आहे? ट्रॅक्टर ज्याचा त्याचा राहू द्या, माप तेवढे गावाचे असावे.

स्वाध्याय

१) आपल्या घरच्या प्रत्येक अवजाराची वरची पाच मापे वहीत लिहून काढा.

२) तुमच्या अवजाराची कमान २४ इंचांची आणि चौकटीचा आकडा १५ इंचांवर असेल, तर वरच्या पिनेवरचा जोर किती पट होईल? (उत्तर : १.६ पट. एवढा फरक असेल तर नुसते भोक पाडून भागणार नाही. सरकत्या आकड्याची चौकट शोधावी.)

३) अवजार जोडताना तुमच्याकडे कोण, कुठे उभे राहते, ते या आठवड्यात एकदा बाजूला उभे राहून पाहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला कळवू नका. ज्याला तिथे उभे राहावे लागते, त्याच्याशी बोला.

मापे घेताना अडचण आली तर वही घेऊन गट कार्यालयात यावे. अवजार आणायची गरज नाही.

आपला,
शेतकी विभाग